तुपाचा रवा आणि ॲल्युमिनियमची ताकद

लोणी कढवून तूप उतरवले की आजी त्या पातेल्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. झाकण घालून कोपऱ्यात ठेवायची आणि सावकाश निवू द्यायची. सकाळी तूप छान रवाळ झालेले असायचे. कधी घाई झाली आणि कुणी पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवले, की तेच तूप गुळगुळीत थिजायचे आणि आजी दिवसभर बोलायची. लोणी तेच, कढवणारे हात तेच, बदलला तो फक्त निवण्याचा वेग. आतले कण मोठे आणि विरळ होणार की बारीक आणि दाट, हे त्या वेगाने ठरवले.

ॲल्युमिनियमच्या संमिश्रांची सगळी विद्या या पातेल्यात बसते. फरक एवढाच की तुपात आपल्याला रवा मोठा हवा असतो आणि ॲल्युमिनियममध्ये बारीक. इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही तो दिसत नाही. या कणांना धातुशास्त्रात अवक्षेप म्हणतात. ते तापवताना कसे जन्मतात, निववताना कसे वाढतात आणि कशाने विरघळून जातात, या प्रश्नावर जगात शंभरहून अधिक वर्षे काम चालू आहे. लातूर-नांदेडच्या वाचकापुढे तो आज मांडायचे कारणही तसेच आहे. शेतातल्या सौरपंपाच्या पॅनेलची चौकट, घराच्या स्लायडिंग खिडकीचे सेक्शन, गल्लीतून गेलेली एबी केबल, लातूरजवळच्या हरंगुळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यामुळे सुरू झालेली ॲल्युमिनियमच्या डब्यांची चर्चा, हे सगळे शेवटी या कणांपाशी येऊन थांबते.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्यात तांबे, मॅग्नेशियम, सिलिकॉन किंवा जस्त थोडेसे मिसळले की संमिश्र होते. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, गार पाण्यात कमी, तसेच इथे घन अवस्थेत घडते. ५४८ अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम आपल्या पोटात वजनाने सुमारे ५.६५ टक्के तांबे सामावून घेते. नेहमीच्या तापमानाला ते एक दशांश-दोन दशांश टक्क्याच्या वर मुरत नाही. मग चार टक्के तांबे असलेला तुकडा पाचशे अंशांच्या वर तापवला, सगळे तांबे विरघळू दिले आणि एकदम पाण्यात बुडवला तर? तांब्याच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते जिथल्या तिथे अडकतात. याला अतिसंपृक्त घन द्रावण म्हणतात. ही अवस्था टिकाऊ नसते, अणूंना वेगळे होण्याची ओढ असते, आणि पुढची सगळी कथा त्या ओढीची आहे.

आमच्याकडे ॲल्युमिनियमला म्हाताऱ्या बायका आजही ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा. त्या भांड्यांच्या धातूत हा अवक्षेपांचा खेळ जवळजवळ नसतो, तो धातू ठोकून-दाबून कडक केलेला असतो. पण खेळाचा शोध मात्र खरोखरच एका जर्मन माणसाने लावला. आल्फ्रेड विल्म १९०६ मध्ये बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्गच्या संशोधन केंद्रात काम करत होता. काडतुसांच्या पितळेऐवजी ॲल्युमिनियम चालेल का, हे त्याला पाहायचे होते. चार टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेला पत्रा त्याने सुमारे ५२० अंशांवरून पाण्यात बुडवला. शनिवारी कडकपणा मोजला तर काही विशेष नव्हते. सोमवारी तोच तुकडा पुन्हा मोजला तेव्हा तो बराच कडक झालेला होता. मधल्या काळात त्याला कुणी तापवले नव्हते, ठोकले नव्हते. तो नुसता पडून होता. यातूनच ड्युरालुमिन हे संमिश्र निघाले, त्याने झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे उभे केले आणि पुढे विमाने. विल्म मात्र संशोधन सोडून शेतीकडे वळला.

गावच्या लोहाराला ही गोष्ट सांगितली तर तो विश्वास ठेवणार नाही. विळ्याला, कुऱ्हाडीला तो पाणी पाजतो तेव्हा पोलाद त्याच क्षणी कडक होते. ॲल्युमिनियमला पाणी पाजले की ते मऊ राहते आणि मग बसल्या जागी मुरत मुरत कडक होते. आणखी एक मोठा फरक आहे. लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग वाचतो. ॲल्युमिनियम वितळण्याच्या ६६० अंशांपर्यंत गेले तरी उजेडात लाल दिसत नाही. डोळ्यांना काहीच कळत नाही, म्हणून या धातूशी काम करणाऱ्याला तापमापकावाचून गत्यंतर नाही.

विल्मने शोध लावला, पण कारण त्याला ठाऊक नव्हते. १९१९ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या मेरिका, वॉल्टेनबर्ग आणि स्कॉट या तिघांनी सांगितले की गार तापमानाला विद्राव्यता घटते, म्हणून अतिसूक्ष्म कण बाहेर पडत असणार. ते कण कुणी पाहिले नव्हते. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन, दोघांनी एकमेकांना न कळत, क्ष-किरणांच्या साह्याने त्यांचा माग काढला. तांब्याचे अणू एक-दोन थरांच्या चकत्या करून बसलेले आढळले. या चकत्यांना त्या दोघांच्याच नावाने जीपी झोन म्हणतात. गंमत म्हणजे राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियम-तांब्याच्या संमिश्रात ओतलेला होता. नव्वद वर्षांनी त्याचा तुकडा तपासला तेव्हा त्यातही हेच झोन सापडले. विल्मच्या तीन वर्षे आधी ही क्रिया आकाशात उडून आली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

कण एकदम अंतिम रूपात का येत नाहीत, हा या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. ॲल्युमिनियमच्या अणूंची रचना रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नेटकी असते. वेगळ्या रचनेचा कण त्यात घुसवायचा तर दोघांच्या सीमेवर ठिपके जुळत नाहीत आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. म्हणून निसर्ग आधी त्याच ठिपक्यांवर बसणारा लहान पुंजका करतो. मग थोडा वेगळा, मग आणखी वेगळा, आणि शेवटी स्वतःची स्वतंत्र रचना असलेला जाड कण. तांब्याच्या संमिश्रात ही मालिका जीपी झोन, थीटा-डबल-प्राइम, थीटा-प्राइम आणि थीटा अशी चालते. मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या संमिश्रात पुंजके, मग बीटा-डबल-प्राइम नावाच्या सुया, मग बीटा-प्राइमच्या कांड्या आणि शेवटी बीटा, म्हणजे मॅग्नेशियम सिलिसाइड. खिडकीचे सेक्शन, सौर चौकट, रेल्वेचा ॲल्युमिनियमचा डबा, सगळे या दुसऱ्या कुळातले.

ताकद येते ती मधल्या पायरीवर. धातू वाकतो तेव्हा अणूंचा सगळा थर एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी सरकवायची असेल तर आपण तिला एक सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेतो, तशी धातूत एक विस्कळीत रेष सरकत जाते. हिला डिसलोकेशन म्हणतात. वाटेत दाट, बारीक सुया रोवलेल्या असतील तर ही सुरकुती अडते. सुया फार लहान असल्या तर ती त्यांना कापून जाते. फार मोठ्या आणि विरळ झाल्या तर त्यांना वळसा घालून निघून जाते. हा वळसा ओरोवान या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये समजावून सांगितला. दोन्हींच्या मधे ताकदीचे शिखर असते. ६०६१ या संमिश्राचे आकडे पाहिले की हे पटते. मऊ केलेल्या स्थितीत ते सुमारे ५५ मेगापास्कल ताणाला कायमचे वाकू लागते आणि शिखरावर नेलेल्या टी-सिक्स स्थितीत सुमारे २७६ ला. पाचपट फरक, आणि मूलद्रव्ये एका ग्रॅमनेही बदललेली नाहीत. या स्थितीतली एक सुई साधारण चार नॅनोमीटर जाड आणि काही दशक नॅनोमीटर लांब असते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या तुकड्यात अशा सुयांची संख्या कोटी गुणिले कोटींच्या घरात जाते.

सुया वाढायच्या तर अणूंना हलायला जागा लागते. ती जागा पाणी पाजण्यानेच मिळते. उच्च तापमानाला जाळीत बऱ्याच रिकाम्या जागा असतात, एकदम गार केल्यावर त्याही आत अडकतात. पुढे याच मोकळ्या जागांतून अणू एकेक पाऊल सरकतात. विल्मच्या तुकड्याला शनिवार ते सोमवार एवढ्यात कडक होता आले ते त्यामुळे.

आता निववण्याकडे वळू, कारण कारखान्यात माल इथेच बिघडतो. पाचशेच्या वर अणू धावते असतात, पण वेगळे होण्याची ओढ नसते. शंभराच्या खाली ओढ भरपूर, पण हलायला बळ थोडे. मधल्या पट्ट्यात, ढोबळमानाने साडेचारशे ते अडीचशे अंशांच्या दरम्यान, ओढही असते आणि बळही. त्या पट्ट्यात माल रेंगाळला की मॅग्नेशियम आणि सिलिकॉन जाड, निरुपयोगी कणांत बसून जातात आणि नंतर एजिंग ओव्हनमध्ये, म्हणजे मुरवण्याच्या भट्टीत, कितीही तास ठेवला तरी सुयांसाठी माल शिल्लक नसतो. आजीचे रवाळ तूप इथे नुकसान करते. जर्मनीतल्या रोस्टॉक विद्यापीठात केसलर आणि मिल्करायट यांच्या गटाने निवण्याच्या अगदी मंद ते अतिजलद वेगांवर उष्णतेची मोजमापे करून हे कण कुठल्या तापमानाला निघतात याचे नकाशेच तयार केले आहेत. कण बनताना उष्णता बाहेर पडते आणि विरघळताना शोषली जाते, त्यामुळे नाजूक उष्णतामापकात त्यांचे येणेजाणे नोंदवता येते.

या नकाशांवरून कळते की प्रत्येक संमिश्राची सहनशक्ती निराळी. खिडकीचे ६०६३ साधे आणि कमी मिश्रणाचे, त्याला सेक्शन दाबून काढणाऱ्या प्रेसमधून बाहेर पडताच पंख्याची जोरदार हवा मिळाली तरी बहुधा पुरते. ६०८२ मध्ये मिश्रण जास्त आणि मँगनीजचे बारीक कण आधीपासून आत बसलेले. त्या कणांना धरून जाड अवक्षेप पटकन वाढतात, म्हणून त्याला पाणी किंवा फवारा हवा. विमानाच्या जस्तवाल्या ७१५० ला तर सेकंदाला शेकडो अंशांनी गार करावे लागते. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की तापवतानाची वाट आणि निववतानाची वाट एक नसते. तापवताना पुंजके, सुया, कांड्या, जाड कण असा क्रम दिसतो आणि पाचशेच्या आसपास सगळे विरघळते. निववताना मात्र जाड कण आधी येतात आणि सुयांची पाळी जवळजवळ येतच नाही. एकाच तापमानाला पोचलेले दोन तुकडे, एक खालून चढलेला आणि एक वरून उतरलेला, आतून पूर्ण वेगळे असू शकतात.

तापवण्याचा परिणाम हाताने अनुभवायचा असेल तर खिडकीवाल्याच्या दुकानात पडलेला चौकोनी पाइपचा तुकडा घ्या. मी एकदा मुलांसमोर हे केले. दोन सारखे तुकडे. एकावर धुण्याचा साबण घासला आणि गॅसच्या ज्योतीवर फिरवत राहिलो. धातूचा रंग बदलला नाही. आधी साबण पिवळसर झाला, मग तपकिरी आणि मग काळा. पत्र्याचे काम करणारे जुने कारागीर हीच खूण धरतात. साबण काळा पडला की ज्योत काढायची. तुकडा हवेत निवू दिला आणि एका बारक्या मुलीच्या हातात दिला. तिने तो गुडघ्यावर धरला आणि वाकवला, ओल्या फांदीसारखा. न तापवलेला तुकडा वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला हलला नाही. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत होते. आतल्या सुया त्या ज्योतीत जाड झाल्या, काही विरघळल्या, आणि परत आल्या नाहीत.

वेल्डिंगमध्ये हेच होते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे धातू वितळत नाही पण तीनशे-चारशे अंशांना पोचतो, तिथे एक मऊ पट्टा तयार होतो. टी-सिक्स स्थितीतल्या ६०६१ चा वाकण्याचा ताण त्या पट्ट्यात निम्म्याच्या आसपास येतो. आणि इथून आपण थेट लातूरला पोचतो.

हरंगुळच्या मराठवाडा रेल कोच फॅक्टरीची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तिथून डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. रेल विकास निगम (आरव्हीएनएल) आणि रेल्वे डबे बनवणारी रशियाची टीएमएच कंपनी यांनी मिळून उभारलेल्या कायनेट कंपनीकडे वंदे भारत शयनयान गाड्यांच्या १२० संचांचे काम आहे आणि त्यासाठी लातूरचा कारखाना निवडला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडहून मुंबईला जाऊ लागलेली वंदे भारत आणि देशातल्या बाकीच्या वंदे भारत गाड्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत. ॲल्युमिनियमच्या १०० वंदे भारत गाड्यांसाठी रेल्वेने निविदा काढली होती, ती २०२४ मध्ये रद्द झाली. पण ॲल्युमिनियमचा डबा महाराष्ट्राला नवा नाही. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या पुणे मेट्रोचे टिटागढने दिलेले डबे ॲल्युमिनियमचेच आहेत. जपानच्या शिंकानसेनचेही तसेच.

वजनाचा हिशेब सरळ आहे. ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८ च्या घरात. हलका डबा कमी विजेत धावतो. पण पोलादाच्या डब्यावर वर्षानुवर्षे हात बसलेल्या वेल्डरला ॲल्युमिनियमचा डबा देणे म्हणजे नुसते मशीन बदलणे नाही. डबा लांबलचक पोकळ सेक्शन जोडून बनतो आणि प्रत्येक जोडावर तो मऊ पट्टा येतो. यावर केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये घर्षणाने ढवळून जोडण्याची पद्धत काढली. त्यात धातू वितळत नाही, उष्णता कमी लागते, मऊ पट्टा सौम्य होतो. पूर्ण जात नाही. म्हणून डिझाइनवाले सांध्याजवळ सेक्शनची जाडी वाढवतात. उद्या अशी निविदा पुन्हा निघाली आणि काम मराठवाड्यात आले, तर कारखान्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या आमच्या आयटीआयच्या मुलाला हा पट्टा काय आहे ते माहीत असायला हवे. मला हे मनापासून वाटते.

विजेच्या तारेत हीच सुई वेगळे काम करते. वीजचोरीसाठी ‘आकडा’ टाकता येऊ नये म्हणून गावोगाव आवरण घातलेल्या, एकत्र पिळलेल्या तारांची एबी केबल आली. तिच्यात भार पेलणारी जी उघडी तार असते ती मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या संमिश्राची असते. विरघळलेले परके अणू विजेच्या वाटेत खड्ड्यांसारखे आडवे येतात. योग्य उष्णोपचारात ते अणू गोळा होऊन सुयांत बसतात, बाकीची वाट मोकळी होते. त्यामुळे तार मजबूतही होते आणि वीजही बरी वाहते. प्रमाण तांब्याच्या तुलनेत शुद्ध वाहक ॲल्युमिनियमची वाहकता सुमारे ६१ टक्के, या संमिश्राची सुमारे ५२.५. एवढ्या मोबदल्यात मिळणारी ताकद पाहिली तर सौदा चांगला आहे.

अजून न सुटलेले प्रश्नही थोडे नाहीत. मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या संमिश्राला पाणी पाजल्यावर ते लगेच ओव्हनमध्ये न घालता दिवसभर बाहेर ठेवले, तर मिश्रण जास्त असलेल्या प्रकारांत नंतरची कमाल ताकद घटते. ब्रेनर आणि कोस्ट्रॉन यांनी १९३९ मध्ये हे नोंदवले. बाहेर तयार झालेले पुंजके रिकाम्या जागा धरून बसतात, मग सुयांना वाढायला वाट उरत नाही, हे स्पष्टीकरण बहुतेकांना मान्य आहे, पण त्या पुंजक्यांत नेमके काय असते यावर वाद चालू आहे. कथिलाचा अगदी किंचित अंश घातला तर तो रिकाम्या जागा काही दिवस धरून ठेवतो आणि ओव्हनमध्ये सोडून देतो, असे ऑस्ट्रियातल्या पोगात्शर यांच्या गटाने दाखवले. विमानाच्या कारखान्यात याहून साधा उपाय चालत आला आहे. पाणी पाजलेले रिव्हेट थेट फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे ठोकायच्या वेळेपर्यंत ते मऊ राहतात. आमच्याकडे उलटी गत. मे महिन्यात नांदेडच्या शेडमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि अणूंची हालचाल तापमानाबरोबर वाढते. युरोपातल्या पुस्तकात दिलेला ‘प्रेस ते ओव्हन’ वेळ इथे तसाच्या तसा लावणे धोक्याचे, तो इथल्या हवेत मोजूनच ठरवायला हवा.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने आणखी चकित करणारी गोष्ट मांडली. संमिश्राला न तापवता, नेहमीच्या तापमानाला नुसते पुढेमागे ताणत-दाबत राहिले तरी अतिसूक्ष्म पुंजके दाट तयार होतात आणि नेहमीच्या उष्णोपचाराच्या तोडीची ताकद काही मिनिटांत येते. कारखान्यात हे कितपत उतरेल ते पुढे दिसेल. त्याहून निकडीचा प्रश्न भंगाराचा आहे. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियममध्ये लोह शिरते, ते सिलिकॉनला आपल्या जाड कणांत ओढून घेते आणि सुयांचा वाटा कमी होतो. आपल्याकडे भंगार भरपूर वापरले जाते आणि वापरलेही पाहिजे. म्हणून ओतण्याआधी रासायनिक तपासणी टाळून चालणार नाही.

हे सगळे शिकायला लांब जावे लागत नाही. नागपूरला १९८९ पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, नांदेडला १९८१ पासून श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. सेक्शनचा कडकपणा तपासणारे वेबस्टर गेज पक्कडीसारखे हातात मावते. दाबले की काटा सांगतो, माल नीट मुरला आहे की कच्चा. मऊ सेक्शनवर काटा खालीच राहतो. हे गेज, एक तापमापक आणि साबणाची वडी एवढ्यावर कुठल्याही आयटीआयमध्ये हा पाठ घेता येतो.

वाचकांना एक विनंती आहे. खिडकीचे सेक्शन किंवा सौर पॅनेलचा सांगाडा घेताना वजन आणि भाव विचारता तसे ‘टी-फाइव्ह (प्रेसवरच निववून मग मुरवलेला माल) आहे की टी-सिक्स’ हेही विचारा. आणि वळवाच्या वाऱ्याने पॅनेलची चौकट वाकली, तर ती गॅसवर तापवून सरळ करू देऊ नका. सरळ झाली तरी तापवलेल्या जागी ती मऊ झालेली असते, पुढच्या वाऱ्यात तिथेच वाकते. ती बदलून घ्या.